अम्मींचं एक्झिट

नबीलला कंपनीने काढलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त कोण भडकलं असेल तर अम्मी. नबील माझा नवरा आणि अम्मी म्हणजे माझी सासू, बदरुन्निसा. नबीलची नोकरी गेली म्हणजे इकामा, इथं राहायचा परवाना गेला, आणि अम्मी, मी, आमची लेक दुआ, सगळ्या त्याच्याच इकाम्यावर. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली तर ठीक, नाहीतर फायनल एक्झिट. मग जेद्दा विसरायचं.

"तुम्ही जा. मी येणार नाही," अम्मींनी सांगून टाकलं.

"अम्मी, हे सौदी आहे, तुमचं दापोली नाही. इथं तुम्हाला विचारतंय कोण?" मी म्हटलं. माझी जीभ अशीच आहे. आमचं दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य शराफिया मोहल्ल्यातल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक.

अम्मी एक्क्याऐंशी साली नवी नवरी म्हणून इथं आल्या. सासरे बंदरावर क्रेन चालवायचे. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत अम्मी कोकणातल्या सड्याफटिंग पोरांसाठी भाकऱ्या थापायच्या, ईदला सांदणं वाफवायच्या. नबील आठवीत होता तेव्हा सासरे कामावरच गेले. दुपारच्या नमाजनंतर पुरुषांनी त्यांना नेलं नि दफन केलं. इथं बायकांना कबरस्तानात जाऊ देत नाहीत. अम्मी दारात उभ्या राहिल्या, तेवढाच काय तो निरोप.

सगळे म्हणाले, आता गावाला जा. पण एका सौदी शिक्षिकेने त्यांना स्वयंपाकाला ठेवलं, ती त्यांची कफील, म्हणजे परवान्याची जामीनदार झाली, आणि नबील हाताशी येईपर्यंत अम्मींनी तिच्या घरी कबसा रांधला. दरम्यान गावाला दुमजली घर उभं राहिलं. त्या घरात अम्मी सुट्टीपलीकडे कधी राहिल्या नाहीत. हट्ट एकच, नबीलचे अब्बा ज्या मातीत आहेत त्याच मातीत मलाही ठेवा.

"इथं नवऱ्याच्या बाजूची जागा राखून मिळत नाही," मी एकदा फटकन बोलले होते.

"बाजूची कोण मागतंय? गेटच्या आत असलं की झालं," त्या म्हणाल्या.

नबीलचे सगळे इंटरव्ह्यू वाया गेले. मग एक दिवस अम्मींनी ठेवणीतला अबाया घातला नि मला बरोबर घेऊन त्या शिक्षिकेच्या घरी गेल्या. शिक्षिका आता नाही. तिचा मुलगा अम्मींच्या हातचं खाऊन मोठा झालेला. त्याने उठून अम्मींच्या कपाळाचं चुंबन घेतलं, गहवा आणला, खजूर पुढे केले. अम्मींनी अस्खलित अरबीत म्हटलं, "मला परत तुझ्या घरी कामाला ठेव. पगार नको."

"खाला, तुमचं वय झालं. सरकारी सिस्टीम या वयाला परवाना देत नाही," तो म्हणाला. निघताना त्याने खजुरांचा मोठा डबा स्वतः टॅक्सीत ठेवला. या बाईने उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि मागितलं तेही मिळालं नाही.

जायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. बॅगा बांधून झाल्या तेव्हा अम्मी म्हणाल्या, "मला कबरस्तानापर्यंत घेऊन चला."

गेटवरच्या म्हाताऱ्या येमेनी रखवालदाराने आम्हा बायकांना पाहून लांबूनच हात आडवा केला. अम्मींनी वाद घातला नाही. "मी बाहेरच थांबते. नबील, तू आत जा आणि अब्बांना सांग, आपण निघालो म्हणून."

नबील जागचा हलला नाही. "अम्मी, कुठली कबर ते मला नाही सांगता येणार. मी लहान होतो. नावाची पाटी नाही की काही नाही. आत सगळीकडे नुसते दगड आहेत." चाळिशीला आलेला माझा नवरा भर रस्त्यात रडायला लागला.

मला वाटलं, आता अम्मी त्याला फाडून खातील. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि एकट्याच भिंतीच्या कडेने चालू लागल्या. मी मागोमाग गेले. गेटपासून बऱ्याच लांब आल्यावर त्या थांबल्या आणि त्यांनी चेहरा भिंतीकडे केला.

"अहो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "शरफू, आत एवढी माणसं आहेत. अहो म्हटलं तर त्यांना कसं कळेल?"

लग्न होऊन आल्यापासून मी अम्मींच्या तोंडून सासऱ्यांचं नाव ऐकलं नव्हतं. त्यांच्या पिढीतल्या बाईने नवऱ्याचं नाव उच्चारायचं नसतं. 'नबीलचे अब्बा', नाहीतर 'अहो'. दवाखान्यात, बँकेत, जवाजातच्या, म्हणजे पासपोर्ट ऑफिसच्या खिडकीवर कुणी नवऱ्याचं नाव विचारलं की त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी सांगायचे. आताही मला वाटलं, माझ्याकडेच बघतायत, मीच हाक मारू का? पण त्यांनी दोन्ही तळवे त्या तापलेल्या भिंतीवर टेकले, आणि गावाला खाडीपलीकडच्या माणसाला साद घालावी तशा ओरडल्या.

"हसनमियां! ओ हसनमियां!"

रखवालदार धावत बाहेर आला. अम्मींकडे बघून तो थबकला आणि परत गेला. मला रडू आवरेना.

"हसनमियां, मी बदरुन्निसा. आम्ही उद्या चाललो. मी इथंच राहणार होते हो, पण मला कुणी ठेवून घेतलं नाही."

गाड्या जात होत्या. अम्मी भिंतीला कान लावल्यासारख्या थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग आवाज अगदी खाली आणून, डोक्यावरची ओढणी सारखी करत म्हणाल्या, "रागावू नका, तुमचं नाव घेतलं म्हणून. परत नाही घेणार."