डाव्या चाकाचे दोन नट

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. त्या नऊ दिवसांत नरहरीकाका आमच्याकडे पाच वेळा येऊन गेले. एकदा वांगी घेऊन, एकदा सरपण घेऊन, बाकी नुसतेच. ते सुपेल्याच्या वर्कशॉपमध्ये मिस्त्री होते आणि बाबांचा ट्रक त्यांच्याच हातून दुरुस्त होई. पण बाबा असताना ते वर्षातून दोनदाही आमच्या दारात आले नव्हते. आई त्यांना बसायला चटई टाकायची. मी आत जाऊन शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत बसायची.

ट्रक ठेकेदाराचा होता. बाबा त्यातून अहिवाऱ्याकडच्या खाणीतला चुन्याचा दगड पोलादाच्या प्लांटात आणायचे. ते गेले त्या दिवशी भरल्या गाडीचं मागचं डावं चाक नट सुटून तिरपं झालं आणि गाडी रस्त्याखाली कलंडली. ठेकेदाराचे मुनशी बाबाराव आठव्या दिवशी एक कागद घेऊन आले. कागदावर टाइप केलेलं होतं : चालकाने चाकाचे नट तपासले नाहीत. खाली घरच्यांच्या सहीसाठी जागा सोडली होती.

"सही करून टाका, बाई. लहानूभाऊ काही वापस येत नाही."

"नट तपासले होते त्यांनी," मी म्हटलं.

"तुम्ही पायलं?"

पाहिलं नव्हतं, ऐकलं होतं. बाबा गाडी रात्री आमच्या दारासमोर उभी करत आणि चहाच्या आधी पाना घेऊन चारी बाजूंनी फिरत. त्या सकाळी आत येऊन त्यांनी कप उचलला आणि म्हणाले, "मांगच्या डाव्या चाकाचे आठच्या आठ नट आज पाव फेरा गेले. नरहरी बुढा झाला वो. नट कसत नाही, कुरवाळते." मी हसले होते.

मला झोप लागू देत नव्हतं ते हेच. आदल्या संध्याकाळी ते चाक नरहरीकाकांनी बसवलं होतं. त्यांनी नट ढिले सोडले असतील, तर बाबांनी ते कसले होते. मग नट सुटले कसे?

"चाक माझ्यासमोर खोलू द्या," मी बाबारावांना म्हटलं. "मग सही."

"उद्या बारापर्यंत," ते म्हणाले. "त्याच्यानंतर कागद सहीशिवाय जाते."

दुसऱ्या दिवशी शाळेतून सुट्टी काढून मी सुपेल्याला गेले. ट्रक टिनाच्या छपरीखाली होता. चाक दोन नटांवर तिरपं लटकलं होतं. बाकीचे सहा रस्त्यात कुठेतरी पडले असतील. मला पाहून नरहरीकाका उठले आणि त्यांनी हातात छिन्नी घेतली.

"हे दोन जाम झाले. कापून टाकतो."

"कापू नका. खोला."

"कावून? भंगारच होय आता."

"मला पाहायचे आहेत."

"मास्तरीण झाली तं नटही तपासशील का पोरी?" ते हसायला गेले, पण ते हसू काही चेहऱ्यावर टिकलं नाही.

त्यांनी नटांवर घासलेट सोडलं. हातोडीने भोवतीनं ठोकलं. थोडा वेळ थांबून स्टोव्हची ज्योत धरली. मी लाकडी खोक्यावर बसून होते. कापायची एवढी घाई का, हे मी मनात पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी त्यांनी पाना लावला, पान्याच्या दांड्यात हातभर पाइप घातला आणि त्यावर पाय देऊन उभे राहिले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा लोखंड करकरलं. पांढरी भुकटी झडली आणि नट बाहेर सरकला.

पाइप डावीकडे होता.

मी दहा वर्षांची असताना बाबा मला वजनासाठी पाइपवर उभं करायचे. तेव्हाच त्यांनी शिकवलं होतं. डाव्या चाकाचे आटे उलटे, म्हणजे चालत्या गाडीत नट आपोआप सुटू नये. डाव्या चाकावर पाइप डावीकडे ठेवून दाबला, तर नट कसतो. उजवीकडे ठेवून दाबला, तर खुलतो. चूक केली की ते माझ्या चपलेवर टिचकी मारायचे.

"काका, हे डावं चाक आहे."

ते पान्यातून नट सोडवायला लागले.

"असा पाइप ठेवून बाबा नट कसायचे. तुमचा खुलला. तुम्ही जरासुद्धा थांबला नाहीत, कोणीकडे ठेवू म्हणून."

पान्यातला नट त्यांच्या तळहातावर आला. त्यांनी तो फडक्याने पुसला, पुन्हा पुसला, आणि जमिनीवरच बसले.

"जुने बोल्ट असेच जाम होते. काढता काढता चार तुटले. उलटे आटेवाले स्टोरात नव्हते. मुनशी म्हणे, सकाळी गाडी पाहिजे, जे असन ते टाक. मी आठही सीधे आटेवाले टाकले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पण पक्के कसले होते, सत्या. ह्याच पाइपनं."

"बाबारावांना माहीत होतं?"

"त्यायनंच तं बोल्ट काढून देल्ले."

"आणि बाबांना?"

"लहानू गाडी घ्याले आला तवा मी दुसऱ्या गाडीखाली होतो. म्हटलं, सकाळी सांगीन." ते थांबले. "मंग सकाळी तो निंगून गेला होता."

नट ढिले नव्हतेच. घट्ट नटांना बाबांनी नेमाने, कसतोय समजून, पाय देऊन, पाव पाव फेरा सोडलं होतं. नंतर तीस मैल भरली गाडी.

मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी माह्याबद्दल काही म्हणे का तो?"

"नाही," मी म्हटलं. "आठही नट पाहिले, एवढंच म्हणाले."

मग मीच विचारलं, "बारा वाजायच्या आधी बाबारावांसमोर हे सांगाल?"

"मले कामावरून काढतीन."

"काढतील."

त्यांनी दुसऱ्या नटाला पाना लावला. पाइप डावीकडे. दोन्ही पायांनी दाब दिला, नट हलला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त पाइपवर थोडे बाजूला सरकले. मी चपला काढल्या आणि पाइपच्या टोकावर उभी राहिले.

बाबारावांच्या टेबलावर नरहरीकाकांनी दोन्ही नट ठेवले आणि जे झालं ते एका दमात सांगितलं. बाबारावांनी नटांवर कागद सरकवला. मी तो ओढून घेतला, 'तपासले नाहीत' ह्या शब्दांवर रेघ मारली, वर 'तपासले होते' लिहिलं, आणि त्याखाली कोणते बोल्ट, कोणाच्या सांगण्यावरून, कोणी टाकले ते. नरहरीकाकांनी वळणं घेत घेत आपलं नाव लिहिलं. मग मी सही केली.

घरी आई दारातच होती.

"तुह्या बाबांची चूक नवती न?"

"नव्हती."

ती आत चहा टाकायला गेली. पाव फेऱ्याचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.