शून्य टक्के मुळं

साईराजच्या बॅनरवर भुईमुगाची मुळं पांढरीशुभ्र छापली होती. रानातलं एकही मूळ मात्र त्यानं उपटून पाहिलं नव्हतं.

निपाणीजवळच्या आण्णाप्पांच्या कोरडवाहू रानात आज त्याच्या कंपनीची शिवारफेरी होती. विकायची होती मुळांशी घरोबा करणारी बुरशी. मूळ पोचत नाही तिथली ओल ओढून आणणारी. त्यासाठी किती टक्के मुळांत बुरशी रुजली, त्या अहवालावर आण्णाप्पांच्या लेकीची सही हवी होती. उपासना कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची.

"मॅडम, नव्वद टक्के लिवा. तीन गावची माणसं आल्यात."

"मुळाचे शंभर तुकडे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. एकातही बुरशी नाही. पेरताना काय काय कालवलासा?"

"फुल किट. आमची बुरशी, बियाण्याचं औषध आणि डीएपी खत. एकाच घमेल्यात. शेतकऱ्याला सोपं पडतंय."

"औषध कशासाठी?"

"बुरशी मरायला."

उपासना वाट पाहत राहिली. साईराजच्या चेहऱ्यावर काहीही उजाडलं नाही.

"मग तुमची नाही मेली?"

"ही चांगली बुरशी हाय, मॅडम. कंपनीची."

म्हणजे औषध आधी पुडीवरचं नाव वाचणार आणि मगच मारणार. वर डीएपीचा ढीग. आयतं खायला मिळालं की मूळ बुरशीला दारातसुद्धा उभं करत नाही, हे पहिल्या वर्षाच्या पोरांना कळतं. याला कंपनीनं मोटरसायकल दिली होती, गळ्यात अडकवायला ओळखपत्राचा पट्टा दिला होता. पुडीमागची सूचना वाचायला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

फेटा बांधलेले आण्णाप्पा पुढे आले. "कर गं सही. माणसं बसल्यात."

"आप्पा, ही माणसं उद्या हेच घमेल्यात कालवतील. तुमच्या रानात बघून गेलो म्हणतील."

आण्णाप्पांनी बसलेल्या माणसांकडं पाहिलं. त्यांत त्यांचे व्याही नागोजीही होते. मग फेटा काढून त्यांनी काखेत धरला.

"मंडळी, ह्या रानात बघण्यासारखं काय न्हाय. बुरशी आणि तिला मारायचं औषध मी एकाच घमेल्यात कालवलं. ह्या सायबानं सांगितलं आणि मी ऐकलं. तुमी तसं करू नका."

"ऐकलंसा कसं, आण्णा?" नागोजींनी विचारलं.

"सायेब हाय म्हणून."

माणसं हसली. साईराज बॅनर गुंडाळू लागला. "मॅडम, अहवालाशिवाय वर काय दाखवू? कायतरी लिवून द्या."

"देते की," उपासना म्हणाली. तिनं टक्क्यांच्या रकान्यात शून्य लिहिलं, त्याखाली एकाच घमेल्याची सगळी हकीकत लिहिली आणि ठळक सही केली.