कपाळाचे कलम

घरातला पहिला पदवीधर मी झालो तो यमुनामावशींमुळे. तापल्या भाकरीवर पाण्याचा हात फिरताच उठणारा चुर्र आवाज ऐकला की त्या आठवतात. अंबडच्या कारखान्यांतल्या कामगारांना त्या डबे करून देत. मी त्यांच्या नात्याचा नव्हे. तरी इगतपुरीकडून शिकायला आलेल्या मला कॉलेजची सारी वर्षे त्यांनी आपल्या ताटाशेजारी बसवून जेवू घातले.

त्यांच्या नाकावरची न भरणारी जखम कर्करोगाची निघाली. डॉक्टरांनी नाकाचा शेंडा काढला आणि कपाळाच्या कातड्याची पट्टी खाली वळवून तिथे बसवली. भुवईपाशी ती देठासारखी जोडलेलीच ठेवली.

"पट्टीला नाकाकडून रक्त मिळू लागलं की हा देठ कापू," डॉक्टर म्हणाले.

"म्हंजी द्राक्षाचं कलमच की," मावशी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तवर सोंड हाय. मोदक आणतो का नुसताच बघत बसतो?"

तेवढेच त्यांचे हसणे. पुढे देठ कापला, टाके विरले, नाक पुन्हा नाकासारखे दिसू लागले. पण मावशी माणसांत आल्या नाहीत. शेजारचे हळदीकुंकू सुटले. डबे त्या पदराआडून हात काढून देत. "मावशी, पिठलं लय भारी होतं," कुणी म्हणे, तर आतून फक्त भांडी वाजत. हिवाळ्याचे कोवळे ऊन उंबऱ्याशी येऊन पाहुण्यासारखे ताटकळे. पिठाचा कण नाकावर बसला तर त्या कपाळ पुसत. कातडे खाली आले होते, त्याची जाणीव अजून वरच नांदत होती. "मावशी, खाली," मी सांगायचो. मग मला दूरच्या गावी नोकरी लागली, आणि ते सांगणारेही कुणी उरले नाही.

निघताना मी म्हणालो, "चला माझ्याबरोबर."

"नाय रे बाबा. तिथं समदी नवी माणसं, तोंडाकडंच बघत्याल. हितली बघून बघून दमली तरी हायत."

महिनाभराने मी पत्र धाडले:

"ती. मावशींस साष्टांग नमस्कार.

खोली घेतली आहे. रस्त्याकडच्या खिडकीला पडदा लावलेला नाही; तुम्हाला हवा तर लावू. मी खानावळीत जेवतो. वाढणाऱ्याला माझे नाव ठाऊक नाही. तुमची समजूत घालायला हे लिहीत नाही; एकट्याला जेवण जात नाही, म्हणून लिहितो. रविवारी न्यायला येतो. नाही म्हणालात तर पुढच्या रविवारी पुन्हा येईन. दिवस सरतात तसे चेहरे पुसट होतात म्हणे, होत असतील. पण वाढणारा हात समोर नाही, हे पहिल्या घासालाच कळते."