एका नोटेला एक मेंढी

मी एक जुनी नोट आहे. इंडोनेशियाची, पन्नास हजार रुपियांची. आकडा ऐकून डोळे विस्फारू नका, मित्रांनो. माझ्या शून्यांनी भल्याभल्यांना फसवलं आहे. सध्या मी शिरड शहापुरात एका पत्र्याच्या पेटीत पडून आहे, तीही अर्धीच. उरलेली अर्धी कुठे गेली ते सांगते, पण आधी ऐकून घ्या.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी करकरीत होते. अंगावर एका हसऱ्या पुढाऱ्याचं चित्र. तिकडच्या एका सूतगिरणीत परमेश्वर फिटर होता, त्याच्या पगारात मी आले. परमेश्वर म्हणजे शिरडच्या मसाजी धनगराचा मुलगा. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाचे पैसे भरायला त्याने बापाच्या तीस मेंढ्या विकल्या होत्या. निघताना मसाजी एवढंच बोलला, "तीस नेल्यास लेका. मेंढ्यांचा वाडा रिकामा ठिवून मला मारू नको." खोलीवर परमेश्वर हे वाक्य रोज स्वतःलाच ऐकवायचा.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये तुमच्या एका रुपयाला आमचे सदुसष्ट रुपिया मिळायचे. म्हणजे मी एकटी सातशेच्या वर, आणि मेंढीही तेवढ्यालाच. एका नोटेला एक मेंढी! परमेश्वरने तीस नोटा उशीत शिवल्या आणि ढाराढूर झोपला.

मग शेजारच्या थायलंडचा पैसा कोसळला आणि त्याच्यामागे आमचा. उशीतल्या उशीत मी पडत राहिले. हे नीट ऐका. मला कुणी फाडलं नाही, भिजवलं नाही, मी जागची हललेसुद्धा नाही. तरी रोज सकाळी कालच्यापेक्षा लहान! कष्ट परमेश्वरचे, घाम परमेश्वरचा, आणि भाव ठरवणाऱ्यांनी त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. अशी चोरी मी दुसरी पाहिली नाही. चोर कधी सापडला नाही, कारण कुणी शोधलाच नाही.

पुढच्या मे महिन्यात दंगल होऊन तिथलं शहर पेटलं. गिरणीला कुलूप लागलं आणि जूनमध्ये परमेश्वर उशीसकट घरी आला. तेव्हा एका रुपयाला पावणेचारशेच्या पुढे रुपिया झाले होते. मेंढीला सहा नोटा. तिसांच्या झाल्या पाच.

मसाजीला यातलं काय ठाऊक? घरात आलेल्या धनावर भंडारा उधळायची त्याच्या घरची रीत. "येळकोट येळकोट!" म्हणत त्याने मूठमूठ हळद आमच्यावर ओतली. बापाचा हात कोण धरणार?

दिवाळीपर्यंत आमचा भाव थोडा सुधारला. तीस नोटांच्या अकरा मेंढ्या येतील असं झालं. परमेश्वरची बायको सुकन्या मागेच लागली. "जा ना आता. काहून बसून राहिले तुमी? मामंजी रिकाम्या वाड्याला टेकून खोकून राहिले."

परमेश्वर हैदराबादला गेला. परदेशी पैसा बदलून देणाऱ्या दुकानदाराने मला चिमटीत धरलं, नाकाशी नेलं.

"ये क्या लगाया है, भाई?"

"देवाचा भंडारा हाय."

"तो भगवान से ही बदलवा लो. मैं तो आधा भाव दूँगा."

अकराच्या साडेपाच! परमेश्वरने आम्हाला त्याच्या हातातून हिसकावलं आणि आल्या पावली माघारी फिरला.

"साडेपाच तर साडेपाच, आणायच्या होत्या!" सुकन्या कडाडली. "अन् ती अर्धी मेंढी मी पोसली असती!"

"तीस विकल्या, तीसच आणीन. भाव येईल बराबर."

"भाव तुमचा पाव्हणा हाय का, येतो म्हणून सांगून गेलेला?"

मसाजी ऐकत होता. तो म्हणाला, "आमच्या टायमाला निजामाच्या रुपयाला हाली म्हणायचे, इंग्रजाच्या रुपयाला कलदार. कलदारात बदलताना हालीला बट्टा बसायचा. मग हालीच मेली. पण सुकन्ये, चांदी होती तिच्यात. तुझ्या गळ्यात हाय बघ."

सुकन्याच्या गळ्यात आईने दिलेली हाली रुपयांची माळ होती. तिने तीच काढली, सोनाराकडे चांदीच्या वजनावर मोडली आणि आठवडी बाजारातून दोन गाभण मेंढ्या हाकत आणल्या. मसाजीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "दोन तर दोन. वाड्यात वास आला." त्या रात्री तो खोकला नाही असं नाही, पण वाड्यातच झोपला.

आणि मी? पेटीत. परमेश्वर मला गुंडाळलेला कपडा बदलायचा, डांबरगोळ्या टाकायचा, दर महिन्याला झाकण उघडून बघायचा. मला जपलं, मित्रांनो! जपलं म्हणूनच माझी माती झाली. दोन हजार साली आमच्या देशाने आमच्या नोटांची मालिकाच चलनातून बंद केली. परमेश्वरला ते कळलं पुढे तीन वर्षांनी, एका दुकानाच्या काउंटरवर. घरी येऊन तो वाड्याजवळ मटकन बसला. मसाजी तेव्हा या जगात नव्हता. आत वीसच्या वर मेंढ्या होत्या, सगळ्या सुकन्याच्या.

त्याने मला मुठीतून खाली टाकलं. एक कोकरू आलं, वास घेतला आणि कराकरा चावायला लागलं. बहुतेक हळदीचीच चव असेल.

परमेश्वर धावला. सुकन्या हसत सुटली. "खाऊ द्या! एका नोटेला एक मेंढी, तुमीच म्हणायचे ना? झाला सौदा."

परमेश्वरलाही हसू फुटलं, आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. उरलेली अर्धी मी तेवढी वाचले.

मित्रांनो, 'मला जपा' असं मी तुम्हाला सांगणार नाही. मला मुळीच जपू नका. भाव चढो की उतरो, हातात आले की लगेच मला चालतं करा, आणि जे चारा खातं, ओरडतं, पिल्लं देतं, ते जपा. पेटीतल्या कागदाकडे बघत बसलात, तर वाडा रिकामाच राहील. मग एखादा म्हातारा त्याला टेकून खोकत असेल, आणि मी पेटीतून ऐकत असेन.