व्होल्गाच्या काचेचं रबर

माझ्या सासऱ्यांचं नाव माइलीबाय. सुनेने ते तोंडाने घ्यायचं नाही, त्यातला शब्दसुद्धा नाही. लिहायला बंदी नाही म्हणून लिहिते. आमच्या कझाक भाषेत माइ म्हणजे तेल, लोणी, चरबी, सगळंच. त्यामुळे या घरात आल्यापासून मी त्या सगळ्याला ‘निसरडं’ म्हणते. तराझच्या बाजारात पहिल्यांदा निसरडं मागितलं, तर दुकानदाराने साबण दिला.

यंदा थोरले सासरे जाऊन वर्ष झालं, त्याचं जेवण मेर्केला होतं. अतांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, तिथे व्होल्गातूनच जायचं होतं. दोघा भावांनी मिळून घेतलेली गाडी; भावाच्या दारात दुसऱ्या कशातून उतरणार नाही म्हणाले. आणि पुढच्या काचेभोवतीचं रबर उन्हाने वाळून खडखडीत झालेलं. बाजारातलं नवं काही केल्या बसेना.

मग मी बाह्या सरसावल्या. काच उतरवून जुनं रबर अमोनियाच्या पाण्यात भिजवलं, तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या. मग धुऊन ग्लिसरीन घातलेल्या कोमट पाण्यात ठेवलं.

“सूप करतेयस का? कांदा राहिला,” माझा नवरा सेरजान म्हणाला.

सकाळी पट्टी उचलली तर ती हातावर लोळली. काळीभोर, मऊ, वाकवावी तशी वाकणारी. माझ्या लग्नाआधीचं ते रबर. मी तिथेच बसकण मारली. गेलेलं काही असं परत येतं, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

रबर काचेवर चढवून त्याच्या खाचेत दोरी घातली. सेरजान बाहेरून काच दाबणार, मी गाडीत बसून दोरी ओढणार, की रबराची कड आत येऊन चौकटीवर बसते. निम्मी बसली आणि अता वाटी घेऊन आले. मेंढीच्या शेपटाची वितळवलेली चरबी. त्यांचं सगळं आयुष्य घोड्यांमागे गेलेलं. खोगीर असो की बूट, चरबीने सुधारत नाही असं त्यांच्या लेखी काही नाही. पण रबर तिने फुगतं आणि सडतं.

“अता, निसरडं नको,” मी काचेआडून म्हणाले.

“अगं, निसरडंच करतोय. सरकन बसेल.”

“काहीच लावू नका!”

“सूनबाई, चरबीतलं मला शिकवू नकोस.”

“लावू दे ना, माझे हात भरून आलेत,” सेरजान म्हणाला.

अतांनी बोटं वाटीत बुडवली. मला फक्त ‘माइ’ म्हणायचं होतं. जीभ घसरली.

“माइलीबाय, नको!”

सेरजान जागच्या जागी थिजला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अतांनी बोटं फडक्याला पुसली आणि काचेजवळ आले.

“थोरला गेल्यापासून मला नावाने कुणी बोलावलं नाही,” ते म्हणाले. “बोलावणारं मोठं माणूस उरलंय कोण?”

मी दोरी ओढत राहिले. कड सुरकुती न पडता चौकटीवर बसत गेली. शेवटचा कोपरा बसला. गाडी मेर्केला जायला तयार होती, पण अता हलले नाहीत.

“आणखी एकदा हाक मार,” ते म्हणाले.

सेरजानने मान फिरवली. मी नावाने हाक मारली. काचेपलीकडे माझे म्हातारे सासरे ताठ उभे राहिले, आणि त्यांनी ओ दिली.