न झिजलेला ठोकळा

बाबा गेल्यावर दोन महिन्यांनी राम घाटावरची बचाव-बोट स्नानाच्या गर्दीत भर प्रवाहात बंद पडली. प्रोपेलरचं एक पातं मुळातून तुटलं होतं. नावाड्यांनी दोर टाकून बोट ओढून आणली, माणसं वाचली. चौकशीच्या कागदावर कारण आलं: 'दिवंगत मेकॅनिक श्रीधर दिघे यांची हयगय.'

मी नानाखेड्याच्या घरून रिक्षा करून बोटींच्या शेडवर गेले. सोबत बाबांचा बिस्किटांचा जुना डबा घेतला.

सुपरवायझर सुमीत बाबांच्याच हाताखाली शिकलेला. "या अपर्णाताई, बैठिए. काका देवमाणूस होते, पण शेवटी शेवटी त्यांच्याकडून होत नव्हतं. क्या करें!"

"काय होत नव्हतं?"

"पंखा सडला ना! बघा." त्याने मला बोटीच्या मागे नेलं. उरलेल्या दोन पात्यांवर वाळलेलं शेवाळ, त्याखाली देवीच्या व्रणांसारखे खड्डे. "आणि पंख्याच्या वरचा हा ठोकळा बघा, एकदम नवा. म्हणजे माल चांगला होता, देखभाल नव्हती."

ठोकळा खरंच चंदेरी, गुळगुळीत होता.

मी डबा बोटीशेजारच्या त्याच्या टेबलावर पालथा केला. अकरा ठोकळे, वापरून संपत आलेल्या साबणासारखे. प्रत्येकावर बाबांच्या अक्षरात वर्ष.

"सुमीत, हा मॅग्नेशियमचा ठोकळा झिजण्यासाठीच असतो. पाणी आधी त्याला खातं, म्हणून पंखा वाचतो. बाबा दर दिवाळीला तो बदलायचे, बांबूच्या पट्टीने शेवाळ काढायचे. तूच पट्टी धरायचास. मग हा का झिजला नाही?"

"आता मुझे क्या पता?"

मी घराच्या किल्लीने बोटीवरचा ठोकळा खरवडला. चंदेरी पापुद्रा निघाला.

"रंग कोणी लावला? रंगामुळे पाणी ठोकळ्याला लागलंच नाही, म्हणून त्याने पंखा खाल्ला."

"मागच्या वर्षी साहेबांची पाहणी होती. सगळंच चमकवायचं होतं. काका तेव्हा ॲडमिट होते."

"आणि नंतर शेडवर परत आलेच नाहीत. तुला माहीत होतं. दवाखान्यात मोसंबी घेऊन आला होतास."

"ताई, जाऊ द्या ना. काका तो अब रहे नहीं, त्यांना काय फरक पडतो? माझी नोकरी जाईल."

"म्हणून मेलेल्या माणसाच्या नावावर टाकलंत? तो उलटून बोलणार नाही म्हणून? कागद घे. रंग कधी लावला, कोणाच्या सांगण्यावरून, लिही. खाली सही कर."

मग त्याने खिशातून पेन काढलं.

तो लिहीत होता तोवर मी किल्लीने ठोकळ्यावरचा रंग काढत राहिले. नवा पंखा उद्याच बसणार होता.