करवतगिरणीचं व्याज

पुस्तक वाईट आहे असं तोंडावर सांगायची आमच्या फिनलंडात पद्धत नाही. चांगलं आहे असंही कुणी सांगत नाही म्हणा. माझ्या लग्नाचं जेवण उरकल्यावर सासूबाई म्हणाल्या होत्या, "तक्रार करायला जागा नाही." याच्या वरची शाबासकी आमच्याकडे नाही. पुढचा सगळा संसार मी तेवढ्यावर काढला.

तर यार्को माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "राउनी, आउलिसच्या पुस्तकावर तुझा अभिप्राय शुक्रवारपर्यंत हवाय. अभ्यासक्रमात ठेवायचं की काढायचं, एवढंच लिही."

यार्को आमचा विभागप्रमुख. माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसून सँडविच खायचा. कानामागून आला आणि तिखट झाला, आता मलाच तारखा देतो.

"आणि काढलं तर त्याच्या जागी काय?" मी विचारलं.

"ते अमेरिकन आहे ना, इंग्रजीतलं. रंगीत आहे, उदाहरणं ताजी आहेत. गणितं कॉम्प्युटरवर सोडवायची, मार्क आपोआप पडतात. तुलाच आराम."

"मला आराम पुढच्या उन्हाळ्यात मिळतोयच. निवृत्ती म्हणतात त्याला."

तो हसला आणि गेला. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. बाहेर एप्रिल होता. बर्फ वितळून रस्त्यावरची हिवाळाभराची खडी उघडी पडली होती आणि सगळ्या शहरात नुसती धूळ. इतकी वर्षं शिकवून माझ्याही डोक्यात तेवढंच उरलंय असं वाटत होतं.

कंपनीने पैसा कुठून उभा करावा आणि कशात घालावा, हा आमचा विषय. आमच्या भाषेत त्यावर विद्यार्थ्यांना देण्याजोगं पुस्तक एकच, आउलिसचं. आउलिस माझा गुरू. आमच्याकडे प्रोफेसरलाही नावानेच हाक मारतात, अरे-तुरे करतात, म्हणून मीही करते. पण त्याच्यासमोर अजून माझी पाठ आपोआप ताठ होते. निवृत्त होऊन जमाना झाला, बायको गेली, एका डोळ्याने दिसेनासं झालं. तरी दर सोमवारी बसने तो आमच्या कॉफीला येतो. पुस्तकाची एक प्रत काखेत असते, पानापानांतून चिठ्ठ्या लोंबत असतात. "नव्या आवृत्तीचं काम काढलंय," म्हणतो. नवी आवृत्ती छापणार कोण? प्रकाशक केव्हाच बुडाला. आम्ही आपल्या जुन्याच आवृत्तीच्या प्रती काढतो. पण त्या कामाच्या निमित्ताने म्हातारा दाढी करतो, कोट घालतो, घराबाहेर पडतो. पुस्तक काढलं तर तो कुठलं निमित्त काखेत मारून येणार? हे यार्कोला कोण सांगणार, आणि सांगून तरी काय.

खरं सांगू? पुस्तक पुन्हा वाचायचं त्राण माझ्यात नव्हतं. ज्यावर शिकले, ज्यावरून शिकवलं, ते आता काय वाचायचं? मी कॉम्प्युटरवर एक ओळ टाइप केली: तक्रार करायला जागा नाही. यार्कोला पाठवायची तेवढी बाकी ठेवली. चार दिवस हातात होते, आणि वेळ असला की आळस करावा असं माझं वय झालंय.

तो सोमवारच होता. कॉफीच्या खोलीत आउलिस खिडकीशी बसला होता. समोर वेलदोड्याचा पाव, त्याला आम्ही पुल्ला म्हणतो. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची असेल, डोळ्यांखाली काळं, अंगात वृद्धाश्रमाच्या कामाचा निळा सदरा तसाच.

"राउनी तूच ना? मी साइया. पुस्तक-परीक्षेला बसले होते. पेपर बघायला यायचं म्हणून आज रात्रपाळी संपवून सरळ आले."

पुस्तक-परीक्षा म्हणजे वर्गात यायचं नाही, घरी पुस्तक वाचायचं आणि पेपर द्यायचा. नोकरीवाल्यांची, लेकुरवाळ्यांची सोय. ते पेपर यंदाच माझ्या गळ्यात पडले होते. साइया नापास झाली होती, आणि पहिल्यांदा नव्हे. तिचा पेपर मला चांगला आठवत होता. अक्षर स्वच्छ, मांडणी नाकासमोर, आणि उत्तर साफ चूक.

"तिसऱ्या प्रश्नात व्याज वजा केलंस," मी म्हटलं. "तिथे सगळं घसरलं."

"पण पुस्तकात आहे तसंच केलंय मी." तिने पिशवीतून पुस्तक काढलं. कडा मऊ पडल्या होत्या, पानांवर कॉफीचे डाग. सातवं प्रकरण तिने न शोधताच उघडलं. "ही करवतगिरणी. हे बघ."

मी बघितलं. करवतगिरणीच्या मालकाला नवं यंत्र घ्यायचंय. घ्यावं की नाही? मालकाने केलेला हिशेब छापलाय: माल विकून दरवर्षी किती येईल, त्यातून लाकूड वजा, पगार वजा, वीज वजा, आणि शेवटी बँकेचं व्याज वजा. उरलेली रक्कम एका दराने आजच्या किमतीत आणायची. गोम अशी की त्या दरात बँकेचं व्याज आधीच धरलेलं असतं. म्हणून व्याजाची ती ओळ सोडून द्यायची. नाही सोडली तर व्याज दोनदा कापलं जातं आणि फायद्याचं यंत्र तोट्याचं दिसतं.

पण ही गोम पुस्तकात नाही. खाली एवढंच छापलंय: पुढचं वाचकाने स्वतः करून पाहावं.

बस्स. पान उलटलं की आठवं प्रकरण.

पुढचं मला पाठ होतं, पण ते या पुस्तकात नव्हतं, आउलिसच्या तोंडात होतं. वर्गात तो आम्हाला हे गणित मुद्दाम करायला लावायचा. सगळे तोंडावर आपटायचे. मग खडू घेऊन व्याजाच्या ओळीवर फर्रकन रेघ मारायचा आणि ओरडायचा, "बँकेला दोनदा जेवू घालता होय रे?" वर्ग हसायचा, आणि पुन्हा कुणी जन्मात ती चूक करत नसे. मीही वर्गात तसंच करत आले, त्याचीच रेघ, त्याचंच वाक्य. सापळा पुस्तकात होता आणि सोडवणारा फळ्यापाशी.

"तू कधी विचारलं नाहीस कुणाला?" मी साइयाला म्हटलं.

"काय विचारायचं? पुस्तक चुकेल का? मलाच कळत नसणार. म्हणून पुन्हा वाचलं."

"इकडे आण बरं," खिडकीजवळून आवाज आला. आउलिस ऐकत होता. त्याने खिशातून भिंग काढलं आणि साइयाचा पेपर डोळ्यांशी धरला. ओळीओळीवरून भिंग सरकत गेलं.

"रीत बरोबर आहे," शेवटी तो म्हणाला. "मांडणी सुरेख आहे. राउनी, हिला नापास का केलंस?"

"आउलिस, व्याज बघ."

त्याने पुन्हा भिंग लावलं. मग साइयाचं पुस्तक ओढून घेतलं, सातवं प्रकरण वाचलं, पान उलटलं, परत मागे आला. पान पुन्हा उलटलं. त्याची मान लाल झाली.

"हे मी फळ्यावर सांगतो," तो पुटपुटला. "दर वर्षी सांगतो."

"हो. पण ही वर्गात नव्हती."

साइया बिचारी गोंधळली. "तुम्ही लिहिलंय हे?" तिने विचारलं. म्हातारा बघून तिने अहो-जाहो लावलं होतं.

"मीच." आउलिस उठला. फळा नव्हताच, म्हणून त्याने तिच्या पुस्तकात पेन्सिलने व्याजाच्या ओळीवर रेघ मारली. रेघ वाकडी गेली. "या दरात व्याज आधीच आहे. बँकेला दोनदा जेवू घालायचं नाही."

साइया त्या रेघेकडे बघत राहिली. पाळीवर रात्र काढलेली बाई, तरी तिला एवढंसं समजायला फार वेळ लागला नाही. आणि मग तिला राग आला. आवाज चढला नाही एवढंच.

"एवढंच? एका ओळीची गोष्ट? मग ती ओळ इथे का नाही लिहिली?"

आउलिस खाली बसला. त्याने पावाचा तुकडा नुसता चिवडला.

"लिहिताना मी फळ्यापाशीच होतो ना," तो म्हणाला. "एक दिवस पुस्तक असेल आणि मी नसेन, हे सुचलंच नाही."

मला रडू आलं. उगाच कॉफीच्या भांड्याशी जाऊन मी ते धुतलेलं भांडं पुन्हा धुतलं.

"हिला पास कर," मागून तो म्हणाला. "ही चूक तिची नाही. मार्क कापायचे तर माझे काप. आणि अभिप्राय काय लिहिलायस?"

म्हणजे त्याला माहीत होतं. या इमारतीत भिंतींना कान नाहीत, यार्कोला तोंड आहे.

"लिहून झालाय," मी म्हटलं. "तक्रार करायला जागा नाही, असं."

साऱ्या आयुष्यात मी त्याला दिलेली ही पहिली शाबासकी. त्याने मान हलवली.

"खोडून टाक. तक्रार आहे ना. ही काय, समोर बसलीय."

मी खोडलं. त्याच दुपारी लिहिलं: पुस्तक शिक्षक शेजारी असताना उत्तम आहे, एकट्याने वाचणाऱ्याला देऊ नये. साइयाला मी पास केलं, आणि यार्कोने का म्हणून विचारलं नाही. त्याने तडक अमेरिकन पुस्तक मागवलं.

पुढच्या सोमवारी आउलिस येईल असं मला वाटलं नव्हतं. पण आला. दाढी केलेली, कोट घातलेला, काखेत मात्र काही नाही. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. नवं जाडजूड पुस्तक टेबलावर पडलं होतं. ते झाकून ठेवायचं मला सुचलं नाही याबद्दल मी स्वतःला शिव्या घातल्या.

त्याने ते पुढे ओढलं, भिंग काढलं. अनुक्रमणिका पाहिली, मग मधलं एक प्रकरण उघडून पानं चाळू लागला. कॉफी निवली.

"आहे," तो म्हणाला. "चौकटीत, ठळक अक्षरांत. व्याज इथे वजा करू नये."

"आणि बँकेचं जेवण?"

"जेवण नाही. पण ओळ आहे." त्याने पुस्तक मिटलं आणि हळूच माझ्याकडे सरकवलं. "तक्रार करायला जागा नाही."

मग त्याने पुल्ला निवलेल्या कॉफीत बुडवला. तो खाऊन झाल्यावर, माझ्याकडे न बघता, त्याने विचारलं, "पुढच्या सोमवारी कॉफी असते ना?"

"सोमवार आहे म्हणजे कॉफी आहे," मी म्हटलं, आणि त्याच्या कपात गरम कॉफी ओतली.